वऱ्हाडचा एक विसरलेला कायदा

वऱ्हाडात गुढीपाडवा उजाडला की गावोगाव सालदारांची बोलणी सुरू होतात. रोख किती, ज्वारी किती, उचल किती आणि अंगावर कपडा काय, एवढे ठरले की गडी वर्षभरासाठी त्या घरचा होतो आणि पुढच्या पाडव्याला साल संपते. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून ही रीत अद्याप पुरती मावळलेली नाही. या बोलणीत बारीकसारीक सारे ठरते. एक गोष्ट मात्र कधीच ठरत नाही. ऐन श्रावणात मालकाने 'उद्यापासून येऊ नको' असे सांगितले, तर त्या गड्याने पुढचे महिने काय खावे? आणि तसे सांगण्याचे कारण खरे की खोटे, हे कोणी पाहावे?

हाच प्रश्न पुढे कापसाच्या गिरणीत, मोटार कंपनीत, शाळेत आणि आमच्या ख्रिस्ती संस्थांच्या स्वयंपाकघरांतही उभा राहिला. त्याला कायद्याने काय उत्तर दिले, याचा इतिहास आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना ठाऊक असावा असे आम्हांस वाटते. कारण आपल्यापैकी पुष्कळजण नोकरीवर जगतात आणि आपल्यापैकी काहीजण संस्थांच्या नावाने दुसऱ्यांना नोकरीवर ठेवतात. या इतिहासात एक कायदा आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडचा आहे. तो आता पुस्तकांतूनही नाहीसा झाला आहे. पण त्यात एक असा हक्क होता, जो देशाच्या कायद्यात यावयास पुढे त्रेसष्ट वर्षे लागली.

प्रथम थोडे मागे गेले पाहिजे. इंग्रजी राज्याचा जुना कायदा नोकराच्या बाबतीत फार कडक आणि मालकाच्या बाबतीत अगदी मुका होता. १८५९ साली कामगारांच्या करारभंगाचा कायदा झाला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडून जाणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला त्यानुसार मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. कामावर परत जाण्याचा हुकूम त्याने मोडला तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. हा कायदा रद्द झाला तो १९२५ साली. नोकराने मालकाला सोडणे हा असा फौजदारी मामला होता; मालकाने नोकराला सोडणे हा मात्र मालकाचा खासगी व्यवहार. काढून टाकलेला माणूस दिवाणी न्यायालयात गेलाच, तर त्याला फार तर नोटिशीच्या मुदतीइतका पगार मिळे. कामावर परत घ्या असा हुकूम मागण्याची सोय नव्हती, कारण वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळावयास लावणार नाही हे इंग्रजी तत्त्व १८७७ च्या कायद्याने येथेही रुजविले होते. त्या तत्त्वामागे काही विचार नव्हता असे नाही. ज्याच्याशी पटत नाही अशा माणसाला घरात ठेवण्याची सक्ती कोणावर करावी? परंतु घरातल्या एका गड्यासाठी जे ठीक, ते हजार माणसांच्या गिरणीला कसे लावावे? गिरणीमालकाला त्या हजारांतील बहुतेकांचे तोंडही ओळखीचे नसते. पटण्या-न पटण्याचा प्रश्न उरतो तो मुकादमाशी.

वऱ्हाडात गिरण्या आल्या त्या कापसाच्या पाठोपाठ. १८६७ साली रेल्वे थेट नागपूरपर्यंत पोचली आणि अकोला, बडनेरा, अमरावती, खामगाव या गावांचे रूप पालटले. सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस जागोजाग उभे राहिले. पुढे अकोल्यास सावतराम रामप्रसाद मिल व मोहोता मिल, अचलपुरास विदर्भ मिल अशा सूत-कापडाच्या गिरण्या चालू झाल्या. कुणबी, महार, कोष्टी, मुसलमान अशी सर्व प्रकारची माणसे त्यांत शिरली. शेतात पाऊस मालक होता. येथे भोंगा मालक झाला. आणि ज्याला मुकादमाने फाटकावर अडविले, त्याला विचारणारे कोणी नव्हते. संघ बळकट असेल तर संप होई, संप जिंकला तर चार माणसे परत कामावर जात. एकट्या माणसाला मात्र एकट्याच्या बळावर काहीच करता येत नसे.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्याच काळात, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला: मोठ्या कारखान्यांनी नोकरीच्या अटी, गैरवर्तन म्हणजे काय, शिक्षा कशी द्यावयाची, हे सारे लिहून प्रमाणित करून घ्यावे. हे पाऊल वाटते त्याहून मोठे होते. नियम लिहिला गेला की तो मोडला असे म्हणता येते. नंतर १ एप्रिल १९४७ पासून देशाचा औद्योगिक विवाद कायदा अमलात आला. पण त्याची रचना सामुदायिक झगड्यांसाठी होती. एकट्या माणसाची बडतर्फी हा 'औद्योगिक विवाद' होण्यासाठी त्याच्यामागे संघ किंवा बरेचसे सहकारी उभे राहावे लागत, आणि मग सरकारने तो न्यायाधिकरणाकडे सोपवावा लागे. सरकारने नाही सोपविला तर? तर काही नाही.

त्याच वर्षी नागपूरच्या विधिमंडळाने मध्य प्रांत व वऱ्हाडचा औद्योगिक विवाद मिटविण्याचा कायदा, म्हणजे १९४७ चा तेविसावा कायदा, केला. पंडित रविशंकर शुक्ल त्या वेळी प्रांताचे पंतप्रधान होते. या कायद्याच्या सोळाव्या कलमापाशी थांबण्यासारखे आहे. ज्या उद्योगांना सरकार अधिसूचनेने हे कलम लागू करील, त्यांतील कोणीही कामगार, त्याला बडतर्फ केले, कमी केले वा निलंबित केले तर, सहा महिन्यांच्या आत स्वतः कामगार आयुक्ताकडे अर्ज करू शकत असे. मागणी दोन गोष्टींची: कामावर परत घेणे आणि बुडालेल्या पगाराची भरपाई. संघाची सही नको, सरकारची शिफारस नको. अकोल्याच्या गिरणीतला साचेवाला एक कागद लिहून घेई आणि न्यायाच्या दाराशी एकटा उभा राही.

आयुक्ताने काय पाहावयाचे? काढणे कायद्याच्या विरुद्ध झाले काय, स्थायी आदेशांच्या विरुद्ध झाले काय. आणि तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्या चुकीसाठी माणसाला काढले ती सहा महिन्यांपूर्वीची जुनी तर नव्हे? तशी असेल तर तेवढ्याच कारणाने बडतर्फी रद्द होऊ शकत असे. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांनी मालकाचा स्वभाव नीट पाहिलेला असावा. राग आजचा असतो आणि कारण शोधावयास मालक दोन वर्षांमागची वही उघडतो. कायदा म्हणाला, ती वही बंद. नोकराला सहा महिन्यांत अर्ज करण्याचे बंधन, आणि मालकालाही सहा महिन्यांहून जुना दोष उकरून न काढण्याचे बंधन. एकाच मापाने दोघांना मोजणारे असे कलम आम्ही फारसे वाचलेले नाही. आम्हांस सेमिनरीत परमगुरू लिओ तेरावे यांचे १८९१ चे 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र शिकविले गेले आणि ते योग्यच झाले. पण नागपूरला लिहिलेल्या या कलमाचे नावही कोणी आमच्यापाशी काढले नाही.

कलम चांगले, पण मुदतीची सुरी दोन्हीकडून कापते. नागपूरच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या मोटार कंपनीत एक मेकॅनिक चढत चढत फोरमन झाला होता. १९५० साली कंपनीत चोरी झाली, संशय त्याच्यावर आला, चौकशी होऊन त्याला बडतर्फ केले गेले. मग फौजदारी खटला झाला आणि १९५२ साली तो निर्दोष सुटला. निर्दोष ठरल्यावर त्याने नोकरी परत मागितली; कंपनीने नाकारली. तो कामगार आयुक्ताकडे गेला, तेव्हा सहा महिने केव्हाच उलटून गेले होते. न्यायालय त्याला निर्दोष ठरवीपर्यंत घड्याळ थांबले नव्हते. मग त्याने त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाखाली औद्योगिक न्यायालयाचे दार ठोठावले. कंपनीने हरकत घेतली की एकट्या माणसाचा वाद हा औद्योगिक वाद नव्हेच, आणि काढून टाकलेला माणूस तर 'कामगार'च राहत नाही. हा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५६ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले: या प्रांताच्या कायद्यात एकट्या कामगारालाही दाद मागता येते, आणि बडतर्फ झालेला माणूसही त्या कायद्यापुरता कामगारच होय. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो अर्ज चालू शकतो की नाही, एवढाच. त्या उत्तरासाठी बडतर्फीपासून सहा वर्षे गेली.

प्रत्येक काढलेला माणूस निर्दोष असतो असे समजणे भाबडेपणाचे होईल. १९६२ साली याच कायद्याखाली आलेल्या प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली. मालकाने केलेली चौकशी सदोष असली, तरी तेवढ्याने माणूस आपोआप परत येत नाही. गैरवर्तन खरोखर घडले की नाही, हे आयुक्ताने पुरावा घेऊन स्वतः पाहिले पाहिजे. आम्हांस हे पटते. न्याय म्हणजे नोकराची बाजू घेणे नव्हे. दोघांचेही ऐकून घेणे. मात्र ऐकणारा मालकाहून वेगळा असावा लागतो.

१९५६ च्या नोव्हेंबरातच राज्ये बदलली. विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. कायदा मात्र जुनाच चालू राहिला. १९६५ साली मुंबईचा औद्योगिक संबंध कायदा विदर्भाला लागू झाला आणि नागपूरचा तेविसावा कायदा इकडे संपला. नव्या कायद्यातही कामगाराला न्यायालयात जाण्याची वाट होती, पण आधी मालकाकडे लेखी मागणी करण्याची पायरी चढावी लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस देशाच्या कायद्यात सुधारणा होऊन एकट्या कामगाराची बडतर्फी हा औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला. तरी सरकारची शिफारस लागेच. ती अट ओलांडून कामगाराने थेट न्यायालयात जावे, ही सोय केंद्रीय कायद्यात आली २०१० साली. वऱ्हाडच्या साचेवाल्याने जो कागद १९४७ नंतर लिहिला, तो देशभरच्या कामगाराला २०१० पर्यंत लिहिता येत नव्हता असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता भरपाईकडे वळू. काढणे अन्यायाचे नसतानाही माणूस घरी बसतो. काम नाही, कोळसा नाही, माल उठत नाही. अशा वेळी त्याला काय द्यावे? १९५३ साली गिरण्यांत माल साचून कामबंदी होऊ लागली, तेव्हा केंद्राने औद्योगिक विवाद कायद्यात नवे प्रकरण घातले. तात्पुरती कामबंदी, म्हणजे ले-ऑफ, असेल तर मूळ पगार व महागाईभत्ता यांच्या निम्मे. कायमची कपात असेल तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. ही कामबंदीची भरपाई कोणत्या कायद्याने मोजावी, प्रांताच्या की केंद्राच्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला तो अकोल्याच्याच सावतराम रामप्रसाद मिलने. १९६५ साली निकाल लागला: कामबंदी व कपात यांच्या बाबतीत हक्क ठरवावयाचे ते केंद्राच्या त्या प्रकरणानुसार. देशातल्या कायद्याच्या पुस्तकांत अकोल्याचे नाव राहिले ते असे. पुढे १९७४ साली ही गिरणी, मोहोता मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. अकोल्याच्या गिरण्यांचे भोंगे नंतर थांबले. अचलपुरास महामंडळाने फिनले मिल नव्याने उभी केली, ती २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली.

या साऱ्यात जिनमधल्या बाया कोठे होत्या? हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, पण वऱ्हाडात तो टाळता येत नाही. जिनचा हंगाम कापूस येऊ लागला की सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सरतो. कपातीच्या भरपाईसाठी वर्षात २४० दिवस काम भरावे लागे. हंगामी कारखान्यांना कामबंदीची भरपाई लागूच नव्हती. रुईच्या धुळीत खोकत वीस हंगाम काढलेल्या बाईला कोणी 'काढून टाकले' असे कधी झालेच नाही. दर वर्षी तिचे काम नुसते संपले. सालदाराचेही तेच. तेविसावा कायदा उद्योगांसाठी होता, शेतीसाठी नव्हता.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात एक आज्ञा आहे. विकत घेतलेल्या इब्री दासाने सहा वर्षे सेवा केली, की सातव्या वर्षी त्याला मोकळे करावे आणि रिकाम्या हाती पाठवू नये. आपल्या कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे द्यावे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला खळे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हा हिशेब शास्त्रात नाही, पण ज्याने सेवा केली त्याचा आपल्या खळ्यावर काही हक्क आहे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. दानाशी त्याचा संबंध नाही. दानाला पावती मागता येत नाही; हक्काला येते.

शाळांची गोष्ट आमच्या वाचकांना अधिक जवळची. १९७७ साली महाराष्ट्राने खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. अल्पसंख्याक शाळांना मुख्याध्यापक व आणखी तिघांपर्यंत व्यक्ती नेमण्याबाबत त्यात मोकळीक आहे. शिक्षकाला वा शिपायाला काढण्याबाबत मात्र मोकळीक नाही. काढलेल्या कर्मचाऱ्याने तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावयाचे. असे न्यायाधिकरण अमरावतीसही आहे. परत घेणे शक्य नसेल, तर दहा वर्षे वा अधिक सेवा असल्यास बारा महिन्यांचा आणि त्याहून कमी असल्यास सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देण्याचा हुकूम ते करू शकते. याच कायद्याखाली औरंगाबादच्या एका प्राथमिक शिक्षिकेचे प्रकरण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायाधिकरणाने तिला पूर्ण मागील पगारासह परत घ्यावयास सांगितले होते, उच्च न्यायालयाने मागील पगार काढून टाकला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. अन्यायाने काढले असेल तर मागील पगारासह पुनर्नियुक्ती हाच सामान्य नियम, आणि दरम्यान तिने अन्यत्र तेवढीच कमाई केली असे म्हणावयाचे तर ते मालकाने सिद्ध करावे, असे न्यायालय म्हणाले. रोजंदारीच्या कामगारांना मात्र अलीकडे पुष्कळदा नोकरीऐवजी ठोक रक्कम देऊन प्रकरण मिटविले जाते. आम्हांस हे खटकते. ज्याची नोकरी सर्वांत कच्ची, त्याचाच हक्क पैशात मोडून द्यावयाचा, असा तो व्यवहार होतो.

शाळेच्या बाहेर काय? वसतिगृहातील स्वयंपाकीण, दवाखान्यातील आया, चर्चच्या आवारातील रखवालदार यांचे काय? १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 'उद्योग' या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की दवाखाने, शिक्षणसंस्था व पुष्कळ धर्मादाय संस्थाही त्यात आल्या. १९८२ साली संसदेने हा अर्थ आखूड करणारी दुरुस्ती मंजूर केली, पण ती कधी अमलात आणली गेली नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या केंद्रीय कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तिच्या व्याख्येत घरगुती सेवा 'उद्योगा'तून वगळली आहे, आणि पूर्णपणे किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्थाही वगळल्या आहेत.

हे वाचून काही संस्थाचालकांना हायसे वाटेल. आम्ही त्यांना दोष देत नाही. तोट्यात चालणारे वसतिगृह चालविणे किती कठीण असते हे आम्ही जाणतो. पण ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा त्यांना तेथे थांबू देत नाही. १९८३ च्या धर्मसभा-संहितेचे १२८६ वे कलम सांगते की ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचे व्यवस्थापन करणाऱ्यांनी माणसे कामावर ठेवताना मजुरी व समाजजीवनाविषयीचे नागरी कायदे ख्रिस्तसभेच्या तत्त्वांनुसार काटेकोरपणे पाळावेत आणि न्याय्य वेतन द्यावे. नागरी कायद्याने सूट दिली म्हणून तत्त्वे सुटत नाहीत. सूट मिळालेल्या संस्थेने आपल्या आवारातील माणसासाठी कोणते माप वापरावे, हे आता तिने स्वतःच ठरवावयाचे आहे.

आमच्या माहितीतील एका संस्थेत स्वयंपाकघरात बारा वर्षे काम केलेल्या एका विधवा बाईला संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तोंडी सांगितले गेले की उद्यापासून यावयास नको. कारण काय, तर पूर्वी केव्हातरी धान्याच्या हिशेबात फरक आला होता. केव्हा, हे कोणी सांगितले नाही. एक महिन्याचा पगार आणि एक लुगडे देऊन तिला निरोप दिला गेला. या बाईचे प्रकरण कोणत्या न्यायालयात चालेल वा चालणार नाही, ते वकिलांनी पाहावे. पण आपल्या प्रांताने १९४७ साली घालून दिलेले माप तिला लावून पाहिले, तर पहिला प्रश्न येतो तो हाच: धान्याचा तो फरक सहा महिन्यांच्या आतला होता काय? आणि १९५३ चे माप लावले, तर बारा वर्षांचे दर वर्षास पंधरा दिवस, म्हणजे एकशे ऐंशी दिवसांचा, सुमारे सहा महिन्यांचा पगार होतो. नोटिशीचा महिना त्याहून वेगळा.